सगळा दोष कवळीचा

हसू नका. मी कवळी बोलतेय. वरची. खालचे दात झेननचे स्वतःचे आहेत आणि भाडेकरूशी बोलावं तसे ते माझ्याशी बोलतात. तेव्हा त्यांच्याकडून माझी खरी हकीकत तुम्हाला कळायची नाही. ती मीच सांगते.

माझा जन्म शिकागोत, अर्चर रस्त्यामागच्या एका विटांच्या घराच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशीनशेजारी झाला. मला घडवलं लुत्सियानने. लुत्सियान म्हणजे झेननच्या मोठ्या बहिणीचा, इर्काचा, नवरा. त्याने झेननच्या टाळूचा साचा घेतला, प्लास्टर ओतलं, गुलाबी लगदा दाबून भरला, मला उकळलं, घासलं आणि शेवटी शर्टाच्या बाहीने पुसून दिव्याखाली धरलं. "ही तुला पुरून उरेल," तो झेननला म्हणाला. कवळ्या करणाऱ्यांना याहून मोठा आशीर्वाद देता येत नाही.

झेनन तेव्हा तिशीच्या आतच होता. एवढ्या लवकर कवळी कशाला, असं तुम्ही विचाराल. आमच्या पोलिश गल्लीत कोणी विचारलं नाही. दात किडला की भरण्यापेक्षा उपटणं स्वस्त, आणि एकेक उपटण्यापेक्षा वरची सगळी ओळ एकदम काढणं आणखी स्वस्त, असाच तिथला रिवाज होता. लग्न ठरलेल्या मुलीसुद्धा हे काम बोहल्यावर चढण्याआधी उरकून घेत, म्हणजे नवऱ्याला पुढे खर्च नको. झेननचं लग्न काही ठरलं नव्हतं. दात मात्र गेले.

तो सॉसेजच्या दुकानात कामाला होता. खिम्यात मीठ आणि लसूण बरोबर पडलाय का, हे एक चिमूट तव्यावर परतून, चाखून तोच ठरवायचा. म्हणजे आम्ही दोघं मिळून ठरवायचो. तो डोळे मिटायचा, मी हळूच चावायचे, आणि गिऱ्हाइकं श्वास रोखून उभी असायची. ते माझे सुखाचे दिवस. मी गोंदाने चिकटत नाही हो. टाळू आणि मी यांच्यात लाळेचा एक पातळ पडदा असतो, त्यावर आमचा संसार चालतो. झेननची टाळू गुळगुळीत होती आणि मी तिच्या मापाची होते. शिंक आली, खोकला आला, पोल्का नाच झाला, तरी मी जागची हलत नसे.

मग काही वर्षांनी मी डुगडुगू लागले.

आधी अगदी थोडी. डावीकडे चावलं की उजवी बाजू उचलली जायची. मला वाटलं, माझंच काही बिघडलं. पण मी तर प्लास्टिकची. मी सुजत नाही, रुसत नाही, मला पाळी नाही की ताप नाही. मी तशीच होते. माझ्यावर, टाळूच्या डाव्या बाजूला, मागे, काहीतरी आलं होतं. वाटाण्याएवढं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, रंगही टाळूचाच. एखादा पाहुणा न बोलता दारात पिशवी ठेवून बसतो ना, तसं बसलं होतं.

झेनन लुत्सियानकडे गेला. "दाजी, ही हलते."

लुत्सियानला हा अपमान वाटला. आपली कवळी हलते म्हणजे आपली बायको पळून गेली, इतपत तो हे मनावर घेत असे. त्याने मला उलटं धरलं, निळी शाई लावून पाहिली, आणि जिथे टेकते तिथे घासलं. मी पुन्हा बसले. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा हलले. पुन्हा घासलं. असं करत करत माझी डावी बाजू पापडासारखी पातळ झाली.

"माणसाची टाळू काही वाढत नाही," लुत्सियान म्हणाला. "तू बटाट्याचं सूप उकळतं पितोस, म्हणून ती फुगते." झालं. झेननच्या घरात गरम सूप बंद झालं. तो बिचारा वर्षभर बिटाचं सूप थंड करून, डोळे मिटून प्यायला. मला हलायचं होतं तेवढी मी हललेच. मग लुत्सियानने नवीनच कवळी केली. ती चार महिन्यांत माझ्याहून वाईट डुगडुगली आणि ड्रॉवरमध्ये गेली. मी परत आले. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. दोन कवळ्या हलतात, तर बिघाड कवळीत नसावा, एवढं कळायला कॉलेज लागत नाही. पण नाही. घरात ठरलं की लुत्सियानचा हात बिघडलाय.

तळमजल्यावर झेननची आई राहायची. लेओकाद्याबाई. सत्तरीच्या, ठेंगण्या, आणि देवाशी सरळ बोलणाऱ्या. त्यांनी या प्रकरणात स्वतः लक्ष घातलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्यात जेवणाची टोपली चर्चमध्ये नेऊन तिच्यावर मंतरलेलं पाणी शिंपडून आणतात. टोपलीत रंगवलेली अंडी, सॉसेज, पाव, मीठ, लोण्याचं कोकरू. त्या वर्षी अंड्यांच्या मागे, भरतकामाच्या रुमालाखाली, मी होते. झेनन घरी वरच्या मजल्यावर पोकळ तोंडाने मला शोधत होता आणि मी चर्चच्या लांब टेबलावर, दोनशे टोपल्यांच्या रांगेत, लोण्याच्या कोकराच्या शेजारी हसत पडले होते. फादरांनी कुंचला झटकला. रुमाल सरकला. फादरांनी मला पाहिलं, मी फादरांना पाहिलं. ते क्षणभर थांबले आणि पुढच्या टोपलीकडे गेले. त्यांनी जन्मात बरंच पाहिलं असावं.

घरी आल्यावर लेओकाद्याबाई म्हणाल्या, "आता नाही हलायची."

मी संध्याकाळपर्यंत खरंच हलले नाही. म्हातारीचं मन मोडवेना.

हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे, हे मला मान्य. पण इथून पुढे मला हसू येत नाही, म्हणून जरा नीट ऐका.

दर डिसेंबरात लेओकाद्याबाईंचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संतिणीचा सण, असायचा. टेबलाभोवती माणसं, हेरिंग मासे, खसखशीचा गुंडाळलेला केक, आणि दुसरा पेला झाला की त्यांची ती गोष्ट. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी ती ऐकल्याशिवाय कुणी उठत नसे. मुलं लहान होती, दुसरं महायुद्ध चालू होतं, नवरा कत्तलखान्यात दोन पाळ्या करत होता. झेननचा आणि इर्काचा घसा महिन्याआड सुजायचा. सगळ्यांची पोरं चाकूखाली जाऊन घशातल्या गाठी, टॉन्सिल्स, काढून घेत होती, आणि शेजारच्या गल्लीतलं एक पोर त्या चाकूखालून परत आलंच नव्हतं. तेव्हा लेओकाद्याबाईंनी कुठून तरी ऐकलं की मोठ्या इस्पितळात क्ष-किरण देतात. चाकू नाही, रक्त नाही. पोराला टेबलावर निजवायचं, घशावर यंत्र धरायचं, आणि गाठी आपोआप आक्रसतात. त्यांनी एकुलती एक चांगली टोपी घातली, दोन पोरांना दोन हातांना धरलं आणि गेल्या. रांग बाहेर रस्त्यापर्यंत. इथे त्या थांबायच्या आणि सगळ्यांकडे पाहायच्या. "मी रांगेत उभी राहिले नाही," म्हणायच्या. "मी झेननला चिमटा काढला. तो असा रडला की नर्सने आम्हाला आधी आत घेतलं."

सगळे हसायचे, पेले भिडायचे. मग त्या सांगायच्या की त्यांनी गल्लीतल्या बायांनाही तिकडे धाडलं, कुणाचं पोर हाताला धरून स्वतः नेलं. अडाणी, नुकतीच बोटीतून उतरलेली बाई, पण पोरांना चाकू लागू दिला नाही. आयुष्यात त्यांनी मोठं असं एवढंच केलं होतं. असं त्यांना वाटायचं, आणि झेननलाही.

तर एका शरद ऋतूत, दुकानात गल्ल्याच्या वर ठेवलेल्या टीव्हीवर, एक डॉक्टर बोलू लागला. झेनन तेव्हा सॉसेजची माळ आकड्याला अडकवत होता. लहानपणी टॉन्सिल्ससाठी ज्यांच्या घशाला किरण दिले, त्या सगळ्यांनी तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाला. त्यांच्यात वीस-तीस वर्षांनी गाठी दिसताहेत. गळ्यात, कानाखाली, तोंडात, लाळग्रंथींमध्ये. बऱ्याच साध्या असतात, सगळ्या नसतात.

झेननची जीभ हळूच वर आली. माझ्या मागच्या काठावरून सरकली आणि त्या फुगवट्यावर टेकली. आता तो मोठ्या द्राक्षाएवढा झाला होता. जीभ तिथेच थांबली. मी जीभ रोज पाहते, पण भ्यायलेली जीभ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"माळ पडली तुझी," मालक म्हणाला.

मला राग आला तो त्या दिवशी, आणि तो अजून गेलेला नाही. त्या काळी किरण म्हणजे नवलाई होती. टॉन्सिल्सना किरण, मुरुमांना किरण, डोक्यावरच्या गजकर्णाला किरण. बुटांच्या दुकानात पोरांचे पाय यंत्रात घालून हाडं बघायची सोय होती, आणि पोरं मजा म्हणून रांग लावायची. डॉक्टर लोक म्हणतात, तेव्हाचं ज्ञान तेवढंच होतं. असेल. पण ज्ञान थोडं असताना घाई एवढी कशाची होती? एका पोराला देऊन वीस वर्षं वाट पाहायला कोणी तयार नव्हतं. हजारोंना देऊन वीस वर्षं विसरून जायला मात्र सगळे तयार होते. मी कवळी आहे. मला चावताना सुद्धा विचार करावा लागतो.

माणसं मला काढून ठेवतात तेव्हाच खरं बोलतात, हे मी पाहिलंय. रविवारी सकाळी, चर्चला निघण्याआधी, मी बेसिनवरच्या पेल्यात होते आणि इर्का दाराला टेकून उभी होती. ती इस्पितळात जाऊन आली होती. तिचा गळा चाचपून झाला होता, काही निघालं नव्हतं, दरवर्षी यायला सांगितलं होतं. तिने झेननला तोंड उघडायला लावलं आणि आत पाहिलं.

"उद्या जा," ती म्हणाली.

"आणि आईला काय सांगू?"

"दात दुखतात म्हणून सांग."

"टाळू कापली तर महिनाभर बोलता येणार नाही. सूप नाकातून येतं म्हणे. मग तिला काय सांगू? तुझ्या किरणांनी आलंय म्हणून सांगू?" बिनकवळीचा तो बोलत होता, शब्द विरघळत होते, पण इर्काला सगळं कळत होतं. "तिच्याकडे दुसरी गोष्टच नाहीये, इर्का. एवढी एकच आहे."

"अरे, मरशील ना गाढवा."

"ती गेल्यावर काढीन."

"सत्तरीतही ती जिना धावत चढते. आधी तू जाशील."

पण झेनन ऐकेना. आईला कळता कामा नये, हे त्याने पक्कं केलं. ती पोलिश रेडिओ ऐकायची, त्यावर हीच बातमी येणार म्हणून त्याने एक दिवस तिच्या रेडिओतला व्हॉल्व्हच काढून खिशात घातला. रेडिओ मेला. लेओकाद्याबाई त्याला पुढच्या ईस्टरच्या टोपलीत घालायच्या विचारात होत्या, पण टोपली लहान पडली. इस्पितळातून फोन यायचे, तेव्हा झेनन घाईने उचलायचा आणि "चुकीचा नंबर" म्हणून ठेवायचा. फोन करणारी मुलगी चिवट होती. आठवड्याला एकदा तिचा फोन यायचाच.

आणि मी? मी त्या गाठीला टेकून बसले होते. तिच्याशी माझं वैर नव्हतं. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि ती स्वतःहून आली नव्हती. पण मला रोज कळत होतं की ती वाढतेय. मला सांगता येत नव्हतं. बत्तीस दातांपैकी चौदा माझ्याकडे, आणि आवाज एकाचाही नाही. म्हणून मी जमेल ते केलं. जेवताना निसटले. गिऱ्हाइकासमोर उचलले गेले. प्रार्थनेत खडखडले. प्रत्येक वेळी झेनन मला अंगठ्याने दाबून जागेवर बसवायचा आणि म्हणायचा, "कवळीच वाईट आहे." तो खोटं बोलत होता, आणि ते खोटं बोलायला त्याला मी लागत होते. याचा मला जास्त राग यायचा.

मग मार्चमध्ये एक फोन झेनन कामावर असताना आला, आणि लेओकाद्याबाईंनी उचलला.

त्यांचं इंग्रजी बाजारापुरतं. मुलगी हळू बोलली असणार. तुमच्या मुलांना आमच्याकडे उपचार झाले होते ना, घशाचे, तीस वर्षांपूर्वी? आम्ही त्या सगळ्या मुलांना शोधतोय. आम्हाला त्यांना पुन्हा भेटायचंय. अमुक दिवशी पाठवाल का?

तुम्ही हे कसं समजला असता, मला माहीत नाही. लेओकाद्याबाईंनी एकाच रीतीने समजून घेतलं. तीस वर्षांनी कोणी आठवण काढतं ते प्रेमाशिवाय काढत नाही. इस्पितळ आपल्या पोरांचा सोहळा करतंय. झेनन घरी आला तेव्हा भट्टी तापली होती, ओट्यावर खसखस वाटून पडली होती, आणि जुनी टोपी ब्रश मारून खुंटीवर लटकत होती.

"गुरुवारी सुट्टी काढ," त्या म्हणाल्या. "आपल्याला बोलावलंय. मी त्या मुलीला सांगितलं, दोन्ही मुलं येतील, आणि मीही. आणलं कोणी होतं त्यांना?"

झेननने काय काय केलं ते सांगत बसत नाही. काम आहे म्हणाला. ताप आहे म्हणाला. सोहळा रद्द झाला म्हणाला, तर त्या म्हणाल्या, मग केक कोण खाणार, चल विचारून येऊ. इर्काने मला आवडेल असं केलं. ती गप्प राहिली, आणि गुरुवारी सकाळी गाडी घेऊन दारात हजर झाली. लुत्सियान मागच्या सीटवर केक मांडीवर घेऊन बसला होता. त्याला सोहळा बघायचा होता. त्याला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

इस्पितळात एवढ्या लोकांना बसवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी मुलांचा विभाग मोकळा केला होता. भिंतींवर ससे आणि फुगे रंगवलेले. खुर्च्या वीतभर उंचीच्या. आणि त्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून, पस्तिशी-चाळिशीची माणसं बसली होती. टक्कल पडलेला पोलीस. पोट पुढे आलेली गरोदर बाई. एक नन. टाय घातलेले बँकवाले. नर्स दारातून ओरडत होत्या, "घशाची मुलं इकडे," आणि ही सगळी मुलं मुकाट्याने रांगेत उभी राहत होती. प्रत्येकाच्या गळ्यावरून कोणीतरी बोटं फिरवत होतं.

लेओकाद्याबाई भारावून गेल्या. "बघ, सगळी जगली," त्या झेननला म्हणाल्या. त्यांनी रुमाल सोडला, केक कापला आणि वाटत सुटल्या. गळा चाचपून घेणाऱ्यांच्या हातात एकेक तुकडा. पोलीस म्हणाला, "थँक्यू मॅम," आणि रडवेला झाला. त्याच्या कानाखाली लिंबाएवढं काहीतरी होतं. लेओकाद्याबाईंनी ते पाहिलं, आणि त्याला दोन तुकडे दिले.

झेननचा नंबर आला. डॉक्टर पोरगेलासा होता, त्याचे हात गार होते. गळा झाला, कान झाले. "तोंड उघडा. कवळी काढा."

"ती निघत नाही," झेनन म्हणाला.

"निघत नाही?" लेओकाद्याबाई शेजारीच उभ्या होत्या, हातात ताट, डॉक्टरला तुकडा द्यायला आलेल्या. "हा शिंकला तरी निघते. काढ ना, डॉक्टरांना लाजतोस काय."

"आई, तू बाहेर थांब."

"मी का बाहेर थांबू? तेव्हा तर मी तुझे पाय धरून उभी होते."

झेननने ओठ मिटले. त्याची जीभ मला खालून दाबून धरत होती. मला त्याची भीती कळत होती. पण इतकी वर्षं मी अर्धीमुर्धी निसटत आले होते, आणि सगळा दोष घेत आले होते. आज मी ठरवलं की आपण पुरतं सुटायचं. इर्का पलीकडे उभी होती. तिने बोटाने झेननच्या काखेत जोरात टोचलं. त्याचं तोंड उघडलं, आणि मी आईच्या हातातल्या ताटात, खसखशीच्या केकवर पडले.

कोणी हसलं नाही.

लेओकाद्याबाईंनी त्याची हनुवटी धरून वर केली, लहान मुलाची करतात तशी, आणि आत पाहिलं. मग बोट घातलं. गाठ टणक आणि गुळगुळीत होती, आणि झेनन डोळे मिटून उभा होता.

"ही काय?" त्यांनी डॉक्टरला विचारलं.

"कवळी घासते, आई," झेनन घाईने म्हणाला. "दाजींची कवळी..."

"माझी कवळी?" लुत्सियान दारातून म्हणाला.

डॉक्टर तरुण होता, आणि खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. कवळीने असं होत नाही, तो गाठ चाचपून म्हणाला. ही लाळग्रंथीची गाठ आहे. लहानपणी किरण दिलेल्यांमध्ये आम्हाला अशा जास्त सापडताहेत. हाताला ही साधी वाटते, पण तुकडा तपासायला हवा आणि काढायला हवी. ठेवली तर अशा गाठी कधी कधी उलटतात, त्यांचा कॅन्सर होतो. ही बरीच वर्षं ठेवलेली दिसते.

इर्का हळू आवाजात सगळं पोलिशमध्ये सांगत होती. लेओकाद्याबाईंनी खोलीभर पाहिलं. सशांच्या भिंतीखाली बसलेली ती माणसं, त्यांचे उघडे गळे, त्यांच्या हातांतले केकचे तुकडे.

"म्हणजे आम्हाला सोहळ्याला बोलावलेलं नाही," त्या म्हणाल्या.



"आई, तेव्हा डॉक्टरांनाच माहीत नव्हतं," झेनन बिनकवळीचा म्हणाला. "तू चाकूपासून वाचवलंस आम्हाला."

"मी तुला चिमटा काढला होता. रांगेत राहिलो असतो तर दुपार झाली असती. दुपारी यंत्र बंद व्हायचं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"शरद ऋतूपासून."

"आणि मला वाचवायला तू तोंडात हे घेऊन बसलास."

"तुझ्याकडे दुसरं..."

"मी सांगितलं होतं मला वाचवायला? मूर्ख आहेस तू. तुझा बापही असाच होता." त्यांनी मला केकवरून उचललं. बाहीत खोचलेला पांढरा रुमाल काढून माझ्यावरची खसखस टिपली, दातांच्या फटींतली नखाने काढली, आणि मला स्वतःच्या हाताने झेननच्या तोंडात बसवलं. मग डॉक्टरकडे वळून, बाजारातल्या इंग्रजीत, एकच शब्द विचारला. "कधी?"

गाठ एप्रिलमध्ये काढली. ती साधीच निघाली. मी तेव्हा पेल्यात होते, तिला निरोप द्यायला मिळाला नाही. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना टेकून होतो, आणि खरं सांगायचं तर टाळूवरची ती मोकळी जागा पाहून मला कसंतरीच झालं. तिथे भोक पडलं होतं. सूप खरंच नाकातून यायचं. झेनन बोलला की शब्दांना वारा लागायचा. मग लुत्सियानने मला पुन्हा तळघरात नेलं, आणि माझ्या वरच्या बाजूला एक गुलाबी उंचवटा चढवला, भोकाच्या मापाचा. आता मी ते भोक बुजवते. सूप खाली राहतं, शब्द सरळ बाहेर येतात, आणि खिम्याला मीठ किती हे आम्ही पुन्हा ठरवतो. लुत्सियान गल्लीभर सांगत फिरला की त्याची कवळी निर्दोष सुटली. इस्पितळाने माझी माफी मागितली असती तर बरं झालं असतं. त्यांनी कोणाचीच मागितली नाही.

त्या डिसेंबरात लेओकाद्याबाईंनी नामदिन केला नाही. त्याऐवजी त्यांनी टोपी घातली, झेननला बरोबर घेतलं, आणि गल्लीतल्या ज्या ज्या घरी त्यांनी तेव्हा किरणांचं सांगितलं होतं, त्या घरांची दारं वाजवायला निघाल्या. काही लोक दूर गेले होते, त्यांचे पत्ते मिळवले. काहींनी टीव्हीवर ऐकून तपासून घेतलं होतं. काहींनी टीव्हीवर ऐकून टीव्ही बंद केला होता.

कुचार्स्काबाईंच्या दारात आम्हाला बराच वेळ उभं राहावं लागलं. त्यांची मुलगी दानका लेओकाद्याबाईंच्या इर्कानंतर आठवड्याभरात त्याच टेबलावर निजली होती. दार साखळीएवढंच उघडलं.

"दानकाला घेऊन जा," लेओकाद्याबाई म्हणाल्या. "गळा दाखवून आण. तोंडही. ह्याच्या तोंडात गाठ निघाली."

"दानकाला काही होत नाहीये."

"ह्यालाही काही होत नव्हतं. कवळी हलायची नुसती."

"लेओकाद्या, एकदा तुझं ऐकून मी तिला तिथे नेलं," कुचार्स्काबाई म्हणाल्या. "आता पुन्हा तुझंच ऐकून नेऊ? तुला लाज नाही?"

"आहे. म्हणून आलेय." लेओकाद्याबाईंनी बर्फ झटकलं आणि सरळ त्यांच्या पायरीवर बसल्या. "मी इथे बसते. तू फोन कर तिला. ती हो म्हणाली की मी जाते."

दार बंद झालं. झेनन आईच्या शेजारी बसला. थंडीने त्याचे खालचे दात माझ्यावर आपटत होते, आणि या वेळी आवाज माझा होता की त्यांचा, हे कोणी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने आतून फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला. एक आकडा, थांबून दुसरा, मग बाकीचे भराभर.

ही माझी हकीकत. मी अजून झेननच्या तोंडात आहे, आणि लुत्सियानचं खरं ठरून त्याला पुरूनही उरेन. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. लहानपणी तुमच्या घशावर, कपाळावर, डोक्यावर कोणी किरण धरले होते का, हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारा. ते रागावतील, तरी विचारा. आणि आत्ता, हे वाचता वाचता, जीभ टाळूवर फिरवून पाहा. काही लागलं तर डॉक्टरकडे जा, आणि दोष कवळीवर ढकलू नका.